तिसऱ्या फेरीतलं नाव

सेनाद मुइकिच त्या दिवशी सूट घालून आला होता. मांसाच्या कारखान्यातली पाळी कुणाशी तरी बदलून घेऊन तो कॉलेजच्या जेवणघरात अगदी पहिल्या ओळीत बसला होता. शेजारी त्याचा मुलगा हारिस होता आणि समोरच्या पडद्यावर मोठे क्लब एकेक खेळाडू निवडत होते.

कॉलेजात फुटबॉल खेळून झालेल्या पोरांची अशी निवड दर डिसेंबरात होते. पूर्वी या दिवसाला मान होता. आता खरी गुणी पोरं क्लब लहानपणीच आपापल्या अकादमीत नेऊन ठेवतात, आणि कॉलेजातून उचलायची ती बहुतेक राखीव संघाची भरती म्हणून. त्यातही निवड म्हणजे करार नव्हे. जानेवारीतल्या सराव शिबिराला बोलावणं येतं, तिथे पसंत पडलात तर ठीक, नाही तर घरचा रस्ता. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी प्रत्येक कॉलेज पडदा लावतं, केक आणतं आणि आईबापांना बोलावून पुढे बसवतं. हा मेला केक कुणी सुरू केला कोण जाणे.

दुसरी फेरी संपली, हारिसचं नाव आलं नाही. तिसऱ्या फेरीत तर क्लब नाव घ्यायचाही कंटाळा करू लागले. ज्याला कुणी नको असतो तो नुसतं ‘पास’ म्हणतो आणि पुढच्याची पाळी येते. पास, पास, पुन्हा पास. प्रत्येक पासला सेनाद पलीकडच्या माणसाला विचारत होता, “म्हणजे काय? आता कोणाची पाळी?”

कोच वॉल्टर टीडमनला ते बघवेना. तो उठून बाहेर गेला आणि त्याने ओल्सनला फोन लावला. ओल्सन त्याचा जुना जोडीदार. तरुणपणी दोघं एकाच संघात बचाव सांभाळायचे, आणि आता ओल्सन एका मोठ्या क्लबात खेळाडू हेरायचं काम करत होता.

“तुमची पाळी येतेय. पासच म्हणणार ना?” टीडमनने विचारलं.

“म्हणजे काय? घरी जायचंय लोकांना.”

“मग पासच्या ऐवजी एक नाव घ्या. हारिस मुइकिच. माझा डावा बचावपटू.”

“वॉल्ट, राखीव संघात आमच्याकडे बचावपटू ढिगाने पडलेत. त्याला मी कुठे घालू?”

“घालू नकोस कुठे. नाव तेवढं घे. त्याचा बाप पुढे बसलाय रे.”

“ठीक आहे. पण हा उपकार हं. लक्षात ठेव.”

टीडमन आत येऊन बसतो न बसतो तोच पडद्यावरच्या बाईने हारिसचं नाव वाचलं, आडनावाचा पार चुथडा करून. जेवणघर उसळलं. पोरांनी हारिसला खांद्यावर घेतलं. सेनाद मात्र जागचा हलला नाही. दोन्ही हातांनी तोंड झाकून तो खुर्चीत तसाच बसून राहिला, आणि टीडमनला वाटलं, आयुष्यात आपल्या हातून एक तरी चांगलं काम झालं.

ते समाधान आठवडाभर टिकलं. मग हारिस टीडमनच्या खोलीत आला तो खुशीत.

“कोच, हॅडलीला ‘नाही’ कळवतोय.”

हॅडली म्हणजे दोन पायऱ्या खालच्या लीगमधला छोट्या गावचा क्लब. त्यांचा माणूस शरदभर हारिसचे सामने बघायला येत होता, पावसातसुद्धा, आणि त्यांनी दोन वर्षांचा करार पाठवला होता. खरा करार, पगार आणि राहायला खोली. उत्तर शुक्रवारपर्यंत हवं होतं.

“घाई कशाला करतोस?” टीडमन म्हणाला.

“आता मोठ्या क्लबाने निवडल्यावर हॅडलीत कोण जातंय? बाबो तर ऐकूनच घेणार नाहीत.” बापाला तो बोस्नियन रीतीने बाबो म्हणायचा. “ कारखान्यात सगळ्यांना सारण भरलेली पीता वाटली त्यांनी. आईला तीन ट्रे भाजायला लावले.”

हारिस गेल्यावर टीडमनने पुन्हा ओल्सनला फोन केला. शिबिरात पोराला काही वाव आहे का, एवढंच विचारायचं होतं.

ओल्सन स्पष्ट बोलणारा होता. “आठवडाभर पळवू, टॉवेल देऊ आणि घरी पाठवू. जागाच नाहीये. त्याच्यापुढे दुसरं काही आहे का?”

“आहे.”

“मग ते सोडू देऊ नकोस त्याला. तुला कळायला हवं होतं, वॉल्ट.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हारिस सामानाच्या खोलीत चेंडूंत हवा भरत होता. टीडमनने दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना तो पोराकडे बघू शकला नाही. हारिस पंप मारत राहिला, मग थांबला.

“म्हणजे ‘पास’ म्हणायच्या ऐवजी माझं नाव म्हटलं.”

“हो.”

“त्यांच्यातल्या कुणी माझा एक तरी सामना पाहिलाय?”

“नाही.”

हारिसने चेंडू जाळीत टाकला. “मी हॅडलीला होय कळवतो. पण बाबोला हे सांगायचं नाही. काय सांगायचं ते मी सांगेन. तुम्ही संध्याकाळी घरी या, म्हणजे ते ओरडणार नाहीत. पाहुण्यासमोर ओरडत नाहीत ते.”

मुइकिचांच्या दारात बूट काढावे लागतात आणि पाहुण्याला घरातल्या सपाता मिळतात. टीडमनला सेनादच्या स्वतःच्या सपाता मिळाल्या. हारिसच्या आईने, फादिलाने, कॉफीचं तांब्याचं भांडं आणून ठेवलं आणि ती नवऱ्याशेजारी बसली. हारिस मात्र उभाच राहिला.

“बाबो, मी हॅडलीला जातोय. त्या मोठ्या क्लबात मला नाही जायचं.”

सेनाद हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग त्याने मुलाचा चेहरा पाहिला.

“का?”

“तिथे माझा निभाव लागायचा नाही. भीती वाटते मला.”

“भीती?” सेनादने कॉफी खाली ठेवली. “त्यांनी तुझं नाव घेऊन तुला बोलावलं, अख्ख्या देशासमोर, आणि तू घाबरून बसतोस? मी या देशात उतरलो तेव्हा मला भाषेचा एक शब्द येत नव्हता. मी घाबरलो असतो तर आज कुठे असतास तू?”

“कुठेच नसतो, बाबो.”

“मग?”

हारिसचे कान लाल झाले होते, पण तो खाली बघत नव्हता. बापाचा राग तो सरळ अंगावर घेत होता.

“कोच, तुम्ही सांगा याला,” सेनाद टीडमनकडे वळला. “तुमचं ऐकेल. त्यांना हा हवा होता, म्हणूनच निवडला ना?”

नुसतं ‘हो’ म्हटलं की सुटका होती. पोराने स्वतः मोकळीक दिली होती. सेनादला जन्मभर ते जेवणघर आठवलं असतं, आणि आपला मुलगा भित्रा निघाला हेही त्याच्याशेजारी जन्मभर राहिलं असतं. टीडमनला हारिस मान हलवून ‘नको’ म्हणताना दिसत होता.

“नाही,” टीडमन म्हणाला. “त्यांना नको होता. मी फोन करून त्याचं नाव घ्यायला लावलं. तुम्ही पुढे बसला होतात, मला बघवेना. आणि हारिस घाबरलेला नाही, सेनाद. ही गोष्ट तुम्हाला कळू नये म्हणून तो असं म्हणतोय.”

फादिलाने बोस्नियन भाषेत नवऱ्याला हळूच काहीतरी विचारलं.

“तुला माहीत होतं?” सेनादने मुलाला विचारलं.

“आज सकाळी कळलं.”

“आणि माझ्यासाठी तू माझ्याच नजरेतून उतरायला निघालास.” सेनादने मुलाचा हात धरून त्याला शेजारी बसवलं आणि हात सोडलाच नाही. मग तो टीडमनशी बोलला, अगदी शांतपणे.

“कोच, पंचवीस वर्षांत मी या गावात कुणाकडे काही मागितलं नाही. पाळीसुद्धा कधी फुकट बदलून घेतली नाही. तुम्ही माझ्या मुलासाठी भीक मागितलीत आणि मी तिची पीता वाटली.”

“चुकलं माझं.”

“तुमचं मन वाईट नाही, मला कळतं. पण चुकलं.” त्याने मोकळ्या हाताने कॉफीचा कप बाजूला सारला. “हे हॅडलीवाले. त्यांनाही तुम्हीच फोन केला होता?”

“नाही. ते स्वतःहून आले. सहा वेळा.”

“सही कर,” सेनाद मुलाला म्हणाला. “उद्या कारखान्यात मी सांगतो सगळ्यांना. खरं तेच सांगेन.”

टीडमन उठला. सेनाद त्याला दारापर्यंत सोडायला आला, रीत म्हणून.

“हॅडलीत सामन्याआधी खेळाडूंची नावं पुकारतात का?”

“पुकारतात. प्रत्येक सामन्याला.”

“पहिल्या सामन्याला त्याचं नाव ऐकायला मी जाणार आहे. तुम्ही त्या दिवशी येऊ नका, कोच. नंतर कधीही या.”

टीडमनने मान डोलावली, सपाता काढून भिंतीशी नीट ठेवल्या आणि खाली बसून तो बुटांच्या नाड्या बांधू लागला.