मावशींच्या एप्रनवरचं रक्त

भर दुपारी पडदे ओढलेल्या त्या खोलीत मुंगी शिरायला जागा नव्हती. अख्खी इमारत लोटली होती. मधोमध पांढरा कोट आणि रबरी हातमोजे घालून 'लॅबवाले सर' उभे. त्यांच्या टॉर्चचा जांभळा झोत टेबलावरच्या एप्रनवर पडला आणि त्यावर निळे डाग लखलखले!

"रक्त!" सर कुजबुजले, पण जिन्यापर्यंत ऐकू जाईल असे. "गुन्हेगार धुतो, पण रेणू बोलतो!"

"अगं बाई! सिरियलमध्ये अगदी अस्संच दाखवतात," तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या.

एप्रन मावशींचा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना त्या सांभाळत. आदल्या दिवशी आजोबा न्हाणीघरात पडले आणि त्यांना बेशुद्धावस्थेतच दवाखान्यात न्यावं लागलं. पोलीस जबाब घेऊन गेले, पण मावशींवर संशय घेणाऱ्या लोकांचं समाधान होईना. "ना ठसे, ना डीएनए! हे कसले पोलीस?" मग आजोबांच्या पुतण्याने हे सर शोधून आणले.

"मी नाही हो ढकललं," मावशी भिंतीला टेकून पुन्हा पुन्हा सांगत होत्या. ऐकतंय कोण?

शेजारच्या विज्ञानाच्या बाईंना राहवेना. "सर, आजोबांना मुका मार लागलाय. रक्ताचा थेंबही आला नव्हता."

"अदृश्य रक्त, मॅडम!" सर डोळे बारीक करून म्हणाले. "सामान्य माणसाला दिसत नाही."

पुतण्याने मावशींचा दंड धरला. "चला चौकीवर!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी सरांच्या हातातला टॉर्च सरळ काढून घेतला आणि सरांवरच रोखला. कोट निळाशार चमकला. मग काकूंचा रुमाल चमकला. मग पुतण्याची कॉलर.

"अरेच्चा! म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून आजोबांना ढकललं म्हणायचं," बाई म्हणाल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"धुण्याच्या पावडरमध्ये कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून एक द्रव्य घालतात. ते या उजेडात चमकतं. पावडर नीट खळबळून निघाली नाही की असे डाग दिसतात. आता खरं रक्त बघा." त्यांनी ओळखपत्राची पिन काढून बोटाला टोचली आणि थेंबावर झोत धरला. थेंब काळाकुट्ट दिसत होता.

"पण सिरियलमध्ये तर..." काकू चाचरल्या.

"तिथे आधी औषध फवारतात, काकू. तेही ब्लीच लागलं तरी चमकतं. म्हणून खऱ्या लॅबमध्ये पुन्हा पुन्हा तपासतात, दिवसच्या दिवस जातात, आणि कधी 'सांगता येत नाही' असंही लिहून देतात. जाहिरात लागायच्या आत निकाल लागत नाही तिथे."

"केस जरा गुंतागुंतीची आहे," असं पुटपुटत सरांनी हातमोज्यांसकट काढता पाय घेतला.

संध्याकाळी आजोबा शुद्धीवर आले. "चक्कर आली. मावशी होत्या म्हणून वाचलो," म्हणाले. हे इमारतीत कळताच सगळ्यांना मावशींचा पुळका आला. काकू गोड आवाजात म्हणाल्या, "उद्या येताय ना?"

"नाही. दुसरीकडे काम बघते," म्हणून मावशी जिना उतरून गेल्या. कुणाकडे वळूनही पाहिलं नाही.

खाली घुटमळणाऱ्या लोकांना बाई म्हणाल्या, "सिरियल खुशाल बघा. पण कुणाकडे बोट दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारा. हे कशावरून? आणि दुसऱ्या कशामुळे असं दिसू शकेल का? आज एकानेही विचारलं असतं, तर मावशींना असं जावं लागलं नसतं."