गुलाबी उजेडातला दवाखाना

दर बुधवारी सकाळी दहा वाजता, बाजाराचा रस्ता जिथे संपतो आणि शेते सुरू होतात, तेथील एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत मोठ्या रुग्णालयाचा दूरचिकित्सा कक्ष भरत असे. रुग्णालय शहरात, बसने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. त्यामुळे रुग्णांनी तिकडे जाण्याऐवजी रुग्णालयच निम्मेशिम्मे इकडे येई. गाडीतून सिस्टर उतरत, त्यांच्यामागून तपासणीच्या यंत्रांची पेटी उतरे, भिंतीवरची स्क्रीन उजळे आणि तिच्यावर यथावकाश डॉक्टरबाई प्रकट होत.

स्टुडिओच्या मालकाला सारे गाव हसाकाका म्हणत असे. उभ्या हयातीत ‘जरा हसा’ म्हटल्यावाचून त्यांनी कॅमेऱ्याची कळ दाबली नव्हती. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि लोक हसाकाकांवाचूनच हसू लागले. दुकानाला कुलूप लागले. रुग्णालयाने जागा मागितली तेव्हा काकांनी ती आनंदाने दिली. अट एकच घातली. जिथे कॅमेरा असेल, तिथला उजेड ते लावतील. सिस्टरांना ही अट अगदीच निरुपद्रवी वाटली आणि त्यांनी मान डोलावली.

पहिल्याच बुधवारी काकांनी अडगळीतून दोन मोठे दिवे काढले, त्यांवर पांढऱ्या छत्र्या उघडल्या आणि एका दिव्यावर गुलाबी कागद चढवला. खुर्चीमागे फिकट पडदा सोडला. दाराशी आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा मांडला. गावाने हे सारे मनापासून स्वीकारले. एवढ्या मोठ्या डॉक्टरांपुढे, तेही कॅमेऱ्यात, कोण गबाळे जाईल? तापाने फणफणलेला पोस्टमन भांग पाडून बसला. निवृत्त हेडमास्तर सुजलेला गाल काकांच्या सूचनेनुसार अंधाऱ्या बाजूला वळवून बसले आणि दातदुखी सोडून इतर सर्व विषयांवर बोलले.

“तुमच्या गावाची हवा चांगली दिसते,” डॉक्टरबाई एकदा म्हणाल्या. “सगळे कसे टवटवीत!”

बाहेर उभ्या असलेल्या काकांची छाती चार बोटे फुगली.

“काका, तो गुलाबी कागद काढा,” सिस्टर दुपारी म्हणाल्या. “बाईंना आजार दिसायला हवा.”

“आजार तोंडाने सांगायचा असतो, सिस्टर. तोंड मात्र दिसायलाच हवं, आणि चांगलं दिसायला हवं.”

“इथे लग्नाचे फोटो नाही काढायचे.”

“म्हणून काय पंचनाम्याचे काढू?”

सिस्टरांच्या पुढ्यात रांग होती. वाद तेवढ्यावर राहिला. आणि जो वाद अर्धवट राहतो तो आपण जिंकलो, असे समजण्याची काकांना जुनी सवय होती.

याच सुमारास काकांच्या घरात एक गोष्ट बिनसली होती. काकू थकत होत्या. विहिरीवरून येताना त्या ओसरीच्या पायरीवर टेकत, मग दाराशी टेकत, आणि आत आल्यावर काही न झाल्यासारखे दाखवीत. काकांनी दोन महिने पाहिले, विचारले, चिडचिड केली.

“अगं, बुधवारी डॉक्टरांना दाखव. घरबसल्या डॉक्टर आलेत.”

“काय दाखवू? म्हातारपण?”

“धाप लागते ते सांग.”

“त्या काचेतल्या बाईंना? नको बाई. बाहेर अख्खी रांग कान देऊन बसलेली असते.”

विनवणी झाली, अबोला झाला, जावेकडून निरोप पाठवून झाला. अखेर काकांनी ठेवणीतले अस्त्र काढले. “तुला अशी बसवतो, असा उजेड लावतो, की त्या बाई म्हणतील, ही आली कशाला?”

काकू हसल्या. एवढी वर्षे संसार करूनही या एका आमिषाला त्या बळी पडत. पुढल्या बुधवारी त्या चांगले कपडे घालून आल्या, आरशापुढे थांबल्या, गालांवर पावडर फिरवली आणि लग्नाच्या फोटोत बसावे तशा ताठ बसल्या. काकांनी त्या दिवशी जीव ओतला. डावा दिवा जरा खाली, उजवा मागे, गुलाबी कागद दुहेरी. हनुवटी बोटाने किंचित वर केली आणि सवयीने म्हणाले, “जरा हस.”

“तुम्ही आता बाहेर,” सिस्टर म्हणाल्या.

“राहू देत हो,” काकू म्हणाल्या. “ते बाहेर गेले तरी कान इथेच ठेवून जातील.”

रक्तदाब घेतला, ताप पाहिला. नाडी थोडी जलद होती. पण कॅमेऱ्यापुढे ती कोणाची जलद नसते? स्क्रीनवर डॉक्टरबाई आल्या.

“या, काकू! चेहऱ्यावर तेज आहे अगदी. काय होतंय?”

“तसं काही नाही. थोडं थकायला होतं. हेच मागे लागले म्हणून आले.”

“धाप?”

काकूंनी दाराकडे पाहिले. दारापलीकडे रांग होती. “कामं केली की लागतेच ना कोणालाही.”

“जेवण, झोप?”

“झकास.”

“मग काळजी नको. एक टॉनिक लिहून देते, महिन्याने पुन्हा दिसा. तब्येत छान राखलीत हं.”

काकूंनी विजयाने नवऱ्याकडे पाहिले. काकाही सुखावले होते, कारण ही स्तुती निम्मी त्यांची होती. त्याच सुखात त्यांनी स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीकडे नजर टाकली. तिथे त्यांची बायको होती. गाल भरलेले, ओठ रसरशीत, डोळ्यांत चमक. कारागिरीत खोट काढायला जागा नव्हती. मग त्यांनी खुर्चीवरच्या बायकोकडे पाहिले. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला होता, आणि नुसते एवढे बोलण्याने तिच्या गळ्याखालची खाच आत-बाहेर होत होती.

चौकटीतल्या बाईला काही झाले नव्हते. कारण तिला काही होऊ नये अशी व्यवस्था त्यांनी स्वतःच, दोन दिवे आणि एक दुहेरी कागद लावून, केली होती. डॉक्टरबाईंनी तपासले होते ते काकांचे काम. काकू अजून तपासायच्याच होत्या.

“पुढचा पेशंट,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“थांबा!” काका चौकटीत घुसले. जन्मभर कॅमेऱ्यामागे राहिलेल्या माणसाला कॅमेऱ्यापुढे कुठे उभे राहावे हेही ठाऊक नव्हते. स्क्रीनवर त्यांचे केवळ पोट आणि सदऱ्याची बटणे दिसली.

“कोण बोलतंय?”

“मी यांचा नवरा. बाई, हा चेहरा खरा नाही.”

“अहो!” काकू कडाडल्या. “काय बोलताय? लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत. हा उजेड माझा आहे, बाई. या उजेडात मी भिंतीलासुद्धा टवटवीत दाखवीन. हिला पायरीपायरीला बसावं लागतं. हिचं ऐकू नका, आणि माझ्या दिव्यांचं तर मुळीच ऐकू नका.”

सिस्टरांनी एका दिव्याची कळ स्वतःच बंद केली. दुसरा काकांनी बंद केला. खोली काळोखली. उत्तरेची मोठी खिडकी काकांनी कधीकाळी काळा कागद डकवून बुजवली होती, बाहेरचा उजेड आपल्या कामात लुडबूड करतो म्हणून. तो कागद त्यांनी नखांनी उचकटला, फाडला, उरलेला ओढून काढला. धुळीबरोबर लख्ख पांढरा दिवस आत आला. मग त्यांनी रुमाल पाण्यात बुडवला आणि बायकोपुढे वाकले.

“आता हसू नकोस,” ते म्हणाले.

“हसतंय कोण,” काकू म्हणाल्या. पण गाल पुढे केला.

पावडर उतरली. स्क्रीनवर जो चेहरा उरला, तो पाहून डॉक्टरबाई खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा गप्पांचा सूर गेला.

“सिस्टर, खालची पापणी ओढून दाखवा. कॅमेऱ्याजवळ. आता नखं. आता काकूंचा तळहात तुमच्या तळहाताशेजारी धरा.”

दोन तळहात शेजारीशेजारी आले. एक गुलाबी होता. दुसरा भिजवलेल्या कागदासारखा. काका खिडकीचे गज धरून उभे राहिले.

“दार लावा,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “आणि रांगेला अंगणात पाठवा. चूक माझीही आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं. काकू, आता इथे आपणच आहोत. कोणत्या गोळ्या घेता?”

काकूंनी नवऱ्याकडे पाहिले, मग पाहणे सोडून दिले. “गुडघ्याच्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून. रोज सकाळी एक.”

“उपाशीपोटी?”

“कामाला लागायचं असतं ना.”

“शौचाला काळं होतं?”

काकूंनी मान खाली घातली आणि हळूच डोलावली. काकांना यातले काही ठाऊक नव्हते. ते कळवळून म्हणाले, “अगं, मला सांगायचंस!”

“तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही उजेड बदलला असता,” काकू म्हणाल्या. आणि सिस्टरांना खोकल्याचे निमित्त करून तोंड फिरवावे लागले.

हसू तेवढ्यापुरतेच टिकले. सिस्टरांनी काकूंच्या बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर घेतला आणि यंत्र कॅमेऱ्यापुढे धरले. डॉक्टरबाईंनी आकडा पाहिला. काकांनीही पाहिला, त्यांना त्याचा अर्थ कळला नाही. म्हणून ते त्या दोघींचे चेहरे पाहत राहिले, स्वच्छ, बिनरंगाच्या उजेडात, आणि तेवढ्यावरून त्यांना पुष्कळ कळले.

“बाई,” ते म्हणाले, “स्पष्ट सांगा.”

“गोळ्यांनी पोटात जखम झाली असावी आणि तिथून बरेच दिवस रक्त जात असावं. अंगात निम्मंच रक्त उरलंय. रक्त चढवावं लागेल, आत दुर्बीण घालून पाहावं लागेल. त्या गोळ्या आजपासून बंद. आमची गाडी दुपारी परतते, पण दुपारपर्यंत थांबू नका. आता लगेच काकूंना तिच्यात बसवा. सिस्टर सोबत येतील, बाकीच्यांना मी इथून पाहते. आणखी महिनाभर टॉनिकवर काढला असता तर जड गेलं असतं. आज आलात, बऱ्या होतील.”