आख्ख्या गल्लीचा कुटुंबप्रमुख

आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तिला आता सगळं लख्ख दिसतं. पण हे मी तुम्हाला सांगितलेलंच नाही, असं धरून चला. कारण मग माझ्या हुशारीचं वर्णन करायला जागाच उरत नाही, आणि ते तर मला करायचंच आहे. तेव्हा, आत्याला अजून काही दिसत नाही.

आत्याचं इस्त्रीचं दुकान आहे. मोतीबिंदू पिकल्यापासून ती अंदाजानेच इस्त्री फिरवत होती. कुणाची बटणं वितळली, कुणाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उमटला. परवा तर टेबलावर झोपलेल्या मांजरावर तिनं पाणी शिंपडलं आणि इस्त्री उचलली. मांजराला वेळीच शंका आली. गिऱ्हाइकांनाही यायला लागली होती. दुकान टिकवायचं तर डोळा हवा होता. सरकारी योजनेत डोळा फुकट होत होता, पण योजनेचं सगळं काम ऑनलाइन. आणि आमच्या गल्लीचं ऑनलाइन म्हणजे मी.

माझं पद डिजिटल सेवा केंद्र चालक. केंद्र वाचनालयाच्या मागच्या खोलीत आहे. खिडकीतून इंटरनेटची वायर आत येते, म्हणून खिडकी लागत नाही. राउटर आणि पंखा एकाच प्लगवर, म्हणून एक तर इंटरनेट, नाहीतर वारा. सरकारची मोहीम निघाली आणि आख्खी गल्ली पोर्टलवर चढवायची जबाबदारी माझ्यावर आली. मोबाइल नंबर टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. निम्म्या लोकांकडे मोबाइल नाही आणि उरलेल्यांना स्वतःचा नंबर पाठ नाही. मी डोकं लढवलं आणि सगळ्यांपुढे माझाच नंबर टाकला. मोहीम वेळेआधी फत्ते. साहेबांनी माझा सत्कारही केला.

मग पोर्टलमध्ये सुधारणा झाली. एक नंबर म्हणजे एक कुटुंब. सकाळी उठलो तो आख्ख्या गल्लीचा कुटुंबप्रमुख होऊन. घरचे माझ्यासाठी मुलगी शोधून थकले होते, आणि इकडे पोर्टलने मला थेट मुलंच दिली.

निवृत्त हेडमास्तर केंद्रात आले. यांनीच मला गणितात दोनदा नापास केलं होतं.

"बाबा, जरा उत्पन्नाचा दाखला हवा होता."

"सर, मला बाबा काय म्हणता?"

"पोर्टलवर मी तुमचं अपत्य आहे. म्हटलं, सवय करून घ्यावी."

मी हसण्यावारी नेलं. पण आत्याला घेऊन दवाखान्यात गेलो तेव्हा खिडकीतल्या बाईंनी पडद्याकडे पाहून मान हलवली.

"वर्षाला एका कुटुंबातलं एकच ऑपरेशन. तुमच्या घरात यंदा झालंय."

"कुणाचं?"

"तुमच्या थोरल्या मुलाचं. वय बहात्तर."

आमच्या गल्लीचा वॉचमन! आत्या माझ्या आवाजाच्या रोखाने वळली. "मेल्या, तुला न्हाऊमाखू घातलं मी, आणि मी तुझी मुलगी? वर त्या वॉचमनची धाकटी बहीण?"

मी हेल्पलाइनला फोन लावला.

"कुटुंब वेगळं करायचंय, मॅडम."

"प्रमुख असेपर्यंत होत नाही, सर. प्रमुख गेले की सगळे आपोआप वेगळे होतात."

"गेले म्हणजे कुठे?"

"सर, गेले म्हणजे गेले."

आत्या बाकावर बसून पिशवीच्या बंदाला पीळ देत होती. "राहू दे रे," ती म्हणाली. "दुकान बंद करते. नाहीतरी लोक हल्ली चुरगळलेलेच कपडे घालतात."

ते ऐकून मी तिथेच फोनवर पोर्टल उघडलं आणि ‘प्रमुखाचे निधन’वर बोट ठेवलं. कारण विचारलं. आजार, अपघात, वार्धक्य, इतर. मी ‘इतर’ निवडलं. खात्री पटवायला ओटीपी माझ्याच मोबाइलवर आला. मी तो टाकला. ‘आपल्या दुःखात शासन सहभागी आहे,’ असा मेसेजही आला. एवढ्या तत्परतेने काम झालेलं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, म्हणून मेल्यावर पाहिलं.

गल्ली सुटी झाली. आत्याचा डोळा झाला. पट्टी काढल्यावर तिनं मला नीट निरखलं आणि म्हणाली, "इतका वाळलास कधी?"

तेव्हापासून केंद्राचं लॉगिन उघडत नाही, कारण चालक मयत. मयताला जिवंत करायची सोय फक्त केंद्रचालकाच्या लॉगिनमध्ये आहे. म्हणून हा कागदी अर्ज:

माननीय महोदय, अर्जदाराचे निधन कार्यालयीन वेळेत व जनसेवा बजावताना झाले आहे. तरी अनुकंपा तत्त्वावर, मयताचा जवळचा वारस या नात्याने, माझ्या रिक्त जागी माझीच नेमणूक करण्यात यावी आणि निधनाच्या दिवसाची पूर्ण हजेरी धरण्यात यावी, ही नम्र विनंती.