गिळली का?

मेडिकलवाले काका चाळीस वर्षं काउंटरमागे उभे होते. डॉक्टरची चिठ्ठी उलटी धरली तरी त्यांना वाचता यायची. आणि गोळी कशी द्यायची हे सांगताना त्यांचा सूर असा लागायचा, की समोरच्याला आपण अगदीच बावळट आहोत असं वाटावं. "अहो, सोपं आहे. खाण्यात लपवा आणि द्या. त्यात काय एवढं?" पोर गोळी थुंकतं म्हणून आया रडकुंडीला आलेल्या असायच्या, म्हाताऱ्या सासऱ्यांपुढे हात टेकलेल्या सुना यायच्या, पण काकांचं उत्तर ठरलेलं. त्यात काय एवढं!

दोन वर्षांपूर्वी त्यांनी दुकान भाच्याच्या हवाली केलं आणि घरी बसले. आणि आता बघा! रोज सकाळी आठ वाजता हाच माणूस अंगात जुना स्वेटर, हातात जाड टॉवेल, मनगटावर ओरखडे, अशा अवतारात सोफ्याखाली डोकं घालून पालथा पडलेला. आणि सोफ्याखालून दोन पिवळे डोळे त्याच्याकडे थंडपणे बघताहेत. प्रश्न फक्त अर्ध्या गोळीचा होता. ती साडेतीन किलोच्या एका म्हातारीच्या पोटात जायला हवी होती आणि जात नव्हती.

म्हातारी म्हणजे आत्या, घरची मांजर. तेरा वर्षांपूर्वी ती उघड्या खिडकीतून आत आली, सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, स्वयंपाकघरात नाक मुरडलं आणि सरळ काकांच्या खुर्चीत जाऊन बसली. "अगदी तुमच्या आत्याबाई आल्यासारखं वाटलं हो," काकू म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं. खऱ्या आत्याबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या वर्षभर या घराशी बोलल्या नाहीत. त्या वर्षाची आठवण काकू अजून फार प्रेमाने काढायच्या.

तसं पाहिलं तर काकांनी या घरात एकही मांजर आणलं नाही आणि आलेलं एकही मांजर त्यांना घालवता आलं नाही. लग्नानंतर सहाच महिन्यांत काकूंनी ढेऱ्या नावाचा बोका आणला, तेव्हा काकांनी ठणकावून सांगितलं होतं, "या घरात एक तर मांजर राहील, नाहीतर मी." काकू "बरं" म्हणाल्या आणि बोक्याला दूध द्यायला गेल्या. दोघंही राहिले. ढेऱ्यानंतर टाचणी आली. ही बारीक, भित्री, आणि बाळंत व्हायला तिला जागा सापडली ती दुकानातल्या कापसाच्या खणाची. तेव्हा पंधरा दिवस काका प्रत्येक गिऱ्हाइकाला "कापूस संपलाय" म्हणून सांगत होते आणि खणातून म्यँव म्यँव ऐकू येत होतं.

ही गोष्ट त्यांची लेक दर रविवारी फोनवर नव्याने सांगायची. ती दूर राहायची, आणि आईबापांशी काय बोलावं हे सुचेनासं झालं की मांजरांवर यायची. पिल्लं चार होती असं तिचं म्हणणं, पाच होती असं काकांचं. यावरून बापलेकीची दर आठवड्याला जुंपायची. "बाबा, तुम्हाला काय आठवणार? मांजरं आईची होती. तुम्ही फक्त नको म्हणायचात," लेक म्हणायची, आणि इकडे सोफ्यावर काकू तोंडावर हात धरून हसायच्या.

गेल्या वर्षी काकू बाल्कनीत झाडांना पाणी घालताना पडल्या. झारी एकीकडे, काकू एकीकडे. काकांनी आवाज ऐकला आणि धावत गेले, तर काकू डोळे मिटून इतक्या शांत पडलेल्या, की काकांनी आधी त्यांच्या नाकाशी बोट धरून बघितलं. वाचल्या. हृदयाचे ठोके मधेच वाट चुकतात असं डॉक्टर म्हणाले, आणि रोज एक पिवळी गोळी लिहून दिली. "एक दिवसही चुकायला नको," ते म्हणाले. "काका, तुम्हाला मी काय सांगायचं?"

पुढे काही महिन्यांनी आत्या झडायला लागली. खायची राक्षसासारखी आणि वाळत चालली होती. थायरॉइड निघालं. म्हणजे तिलाही रोज अर्धी गोळी आली, आणि तीही जन्मभर. काकांना मनातून थोडं बरंच वाटलं, खोटं कशाला सांगा! दोन वर्षं वर्तमानपत्रातली कोडी सोडवून आणि कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून ते कंटाळले होते. आता एकदम दोन पेशंट मिळाले. त्यांनी भिंतीवर कॅलेंडर लावलं. काकूंची खूण लाल पेनाने, आत्याची निळ्या.

रोज आठ वाजता दोघी सोफ्यावर. आधी काकू. त्या पेशंट म्हणून अगदी गुणी. गोळी तोंडात टाकायच्या, पाणी प्यायच्या, "झालं" म्हणायच्या, आणि काका लाल खूण करून दुसऱ्या टोकाला वळायचे. मग सुरू व्हायचं ते सांगण्यासारखं नाही. माशात गोळी लपवली तर आत्या मासा चाटूनपुसून खायची आणि मधोमध गोळी तेवढी ठेवायची, स्वच्छ, कोरडी. लोण्यात घातली, बलकात घातली, कुटून दुधात घातली. त्या दिवशी तिने दुधाकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं आणि मागचा पाय झटकून निघून गेली. अख्ख्या गावाला गोळ्या चारणाऱ्या माणसाच्या नाकी नऊ आले.

शेवटी मांजरांच्या डॉक्टरीणबाईंनीच शिकवलं. ही बाई लहानपणी आईचं बोट धरून काकांच्या दुकानात यायची आणि खोकल्याची गोळी काउंटरवर थुंकायची. "सोपं आहे काका," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण असणारच आत कुठेतरी. "तोंड उघडायचं, जिभेच्या पार मागे गोळी ठेवायची, तोंड मिटून गळ्यावरून हलकेच हात फिरवायचा. तिने नाकावरून जीभ फिरवली की समजायचं, गिळली."

आणि जमलं! पहिल्याच दिवशी आत्याने नाकावरून जीभ फिरवली. काकांनी तिथूनच लेकीला फोन लावला. मग महिनाभर रोज लाल खूण, निळी खूण, लाल, निळी. काका कॅलेंडरसमोर कंबरेवर हात ठेवून उभे राहायचे. काकू म्हणायच्या, "इतकं कौतुक तुम्ही माझ्या स्वयंपाकाचं कधी केलं नाही."

महिन्याने वजन करायला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आत्याला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. तीन किलोच्याही खाली. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"काका, गोळी पोटात जातेय ना?"

"म्हणजे काय! मी स्वतः देतो," काका फणकारले. "चाळीस वर्षं मी हेच केलंय."

"तसं नाही काका. पण हे असंच चाललं तर काही आठवडेच राहतील तिच्याकडे," ती हळू आवाजात म्हणाली. "घरात कुठे गोळ्या पडल्यात का, जरा शोधून बघा."

काका घरी आले ते तोंड पाडूनच. आत्याची टोपली खाली ठेवली आणि सरळ सोफ्याला हात घातला.

"अहो, हे काय करताय?" काकू स्वयंपाकघरातून घाईघाईने आल्या. "कंबर धरेल तुमची. राहू द्या. उद्या कुणाला तरी बोलावू."

"आजच बघायचंय मला. मला शेंडी लावते काय!"

"मी म्हणते, राहू द्या ना!"

काकूंचा आवाज जरा वेगळा लागला होता, पण काकांचं लक्ष कुठे होतं? त्यांनी सोफा ओढला. मागे धूळ, एक पेन, लेकीची शाळेतली केसांची पिन, आणि फरशीवर पसरलेल्या पांढऱ्या अर्ध्या गोळ्या. किती तरी. काका खाली बसले आणि खो खो हसत सुटले. चारी मुंड्या चीत! या मांजरीने महिनाभर गोळी गालात धरली, नाकावरून जीभ फिरवून दाखवली आणि पाठ वळली की सोफ्यामागे सोडली. "अगं, ये, बघ तरी तुझ्या आत्याचे प्रताप!" असं म्हणत त्यांनी हाताने गोळ्या गोळा करायला घेतल्या आणि तो हात मधेच थांबला.

पांढऱ्यांमध्ये पिवळ्या होत्या. गोल, मधोमध रेघ. ही गोळी काकांना रस्त्यापलीकडूनही ओळखता आली असती. ती कशाची आहे हे त्यांना ठाऊक होतं, ती एकाएकी बंद केली तर काय होतं हेही ठाऊक होतं, आणि हे ज्यांना समजावून सांगितलं होतं त्यांतले जे पुन्हा दुकानात दिसले नाहीत, त्यांचे चेहरेही आठवत होते. त्यांनी एक एक उचलून तळहातावर ठेवली. एकवीस. म्हणजे समोर भिंतीवरच्या एकवीस लाल खुणा खोट्या होत्या.

त्यांनी वर बघितलं. काकू दारात उभ्या होत्या, हात पुसायचं फडकं मुठीत धरून.

"म्हटलं होतं ना, राहू द्या," त्या म्हणाल्या.

"का?" काकांच्या तोंडून एवढंच आलं.

काकू येऊन सोफ्यावर बसल्या. सोफा आता खोलीच्या मधोमध होता, तिथे बसलेल्या त्या फार लहान दिसत होत्या. "ती गोळी घेतली ना, की दिवसभर दुसऱ्याच्या घरी पाहुणी आल्यासारखं वाटतं मला. हात गार पडतात. दुपारी पुस्तक घेतलं तर एक पान संपत नाही. झाडांना पाणी घातलं का नाही, तेही आठवत नाही. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला गोळीच्या खोक्यातलं पत्रक वाचून दाखवलं असतं."

हे खरं होतं.

"आणि आत्याचं बघूनच सुचलं हो. ती गालात धरते, तुम्ही वळलात की टाकते. म्हटलं, जमण्यासारखं आहे. डब्यात टाकली असती तर तुम्ही कचरा बघता."

"तुला ठाऊक होतं, ती टाकते? तिचं काय होईल ते ठाऊक होतं?"

"तिला नकोय ती. तिने किती वेळा सांगितलं तुम्हाला, नखांनी सांगितलं, दातांनी सांगितलं." काकूंनी टोपलीतून आत्याला मांडीवर घेतलं. तिची हाडं हाताला लागत असणार. "त्या दिवशी बाल्कनीत पडले ना मी, तेव्हा काही दुखलं नव्हतं. नुसतं गार वाटलं. मला भीती नाही वाटत आता."

"मला वाटते!" काका ओरडलेच. आत्याने कान मागे केले. "मला वाटते भीती! तू जाशील निघून, आणि मी काय करू? कुणाशी बोलू? भिंतीशी?"

"आत्या आहे की."

"तीही थुंकतेय!"

काकूंना एकदम हसू फुटलं. नको तेव्हा हसू येण्याची खोड त्यांना लग्नाच्या आधीपासून होती. काकांनाही ओठ आवळता आले नाहीत, आणि हसता हसताच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते थांबेना. चाळीस वर्षं त्यांनी काउंटरच्या या बाजूला उभं राहून लोकांना रडताना बघितलं होतं. त्यांना रुमालसुद्धा सापडेना. काकूंनी हातातलं फडकं पुढे केलं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. काकांनी सांगायला तोंड उघडलं, आणि काकूंनी समोरून नुसती मान हलवली. नको. मग लेक टाचणीच्या पिल्लांवर आली. चारच होती बाबा, मला पक्कं आठवतंय.

"असतील चार," काका म्हणाले.

"बाबा, तुम्हाला बरं नाहीये का?" लेकीने घाबरून विचारलं.

हृदयाच्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली. गोळी बदलून मिळेल, कदाचित कमी ताकदीची, काका स्वतः बोलणार होते, पत्रक घरी ठेवून. तोवर तीन दिवस हीच गोळी. काका विनवण्या करत होते. ओरडून बघितलं, रुसून बघितलं, लेकीला सांगतो म्हणून धमकी दिली. काकूंना टॉवेलमध्ये गुंडाळून तर गोळी देता येत नव्हती! शेवटी काकू "बरं" म्हणाल्या. हे 'बरं' काका ढेऱ्याच्या वेळेपासून ओळखून होते.

सकाळी आठ वाजता काकू सोफ्यावर बसल्या. आत्या शेजारी. आज काका उभे राहिले नाहीत, गुडघे वाजवत खाली फरशीवर बसले, अगदी समोर. काकूंनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्याल्या.

"तोंड उघड."

काकूंनी उघडलं. जीभ वर केली, खाली केली. काही दिसलं नाही. पण आत्याच्या तोंडातही कधी काही दिसलं नव्हतं. काकांनी हात पुढे केला आणि काकूंच्या गळ्यावरून हलकेच फिरवला, वरून खाली, डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं तसा. गळा उबदार होता. बोटांखाली ठोके लागत होते, दोन भरभर, मग एक उशिरा.

"गुदगुल्या होतात हो," काकू म्हणाल्या.

"गिळली का? खरं सांग."

काकूंनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. शेजारून आत्याही बघत होती. मग काकूंनी ओठांवरून हळूच जीभ फिरवली.

काका लाल पेन हातात धरून फरशीवर बसून राहिले.