डावी बाजू

कालिंदीबाईंच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि डॉक्टरांना तो पूर्ण काढावा लागला, तेव्हा त्यांची मुलगी वृंदा सोळा वर्षांची होती. साल एकोणीसशे पन्नास. बंगालमधल्या गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमध्ये परतल्यावर त्यांनी पट्टी बदलायला वृंदाला हाक मारली. पट्टी सुटली आणि वृंदा दोन पावलं मागे सरली.

"मला नाही जमत," म्हणून ती बाहेर निघून गेली.

मग वडील, दिगंबरराव, पट्टी बदलू लागले. जखम भरली, पण आई मुलीसमोर लुगडं बदलेनाशी झाली. वृंदाने कधी विषय काढला नाही. काढायचा कसा, हेच तिला कळत नव्हतं.

चार वर्षांनी ती कला महाविद्यालयात शिकत होती. तिथे शकुन नावाची बाई मॉडेल म्हणून विवस्त्र बसायची. तीन मुलांची आई, पोट ओघळलेलं. पहिल्या दिवशी मुलींच्या माना खाली होत्या.

"देखोगी नहीं, तो बनाओगी कैसे?" शकुन म्हणाली.

वृंदा बघायला शिकली. तिच्या पोटावरच्या बाळंतपणाच्या रेघा कोळशाने काढताना तिला सुंदर वाटू लागल्या. आणि वाटल्या की लगेच आईची पट्टी आठवायची. परक्या बाईकडे ती तासन्‌तास बघत होती.

एका रविवारी दिगंबरराव बेहालाला मित्राकडे गेले होते. आई तांदूळ निवडत होती.

"आई, तुझं चित्र काढू? शकुनचं काढते तसं."

आईचा हात थांबला. "तुला बघवेल?"

"त्या दिवशी मी पळाले," वृंदा कशीबशी म्हणाली.

"हो. पळालीस."

आईने सूप बाजूला ठेवलं, दार लावलं, आणि खिडकीजवळच्या स्टुलावर पदर काढून बसली. चोळीही काढून तिने मांडीवर ठेवली.

तासाभराने तिने उठून कागद पाहिला. डाव्या बाजूला वृंदाने गडद सावली टाकली होती.

"उजेड तर याच बाजूला आहे. इथे काळोख कशाला?"

 वृंदाने नवा कागद लावला आणि आईच्या अगदी जवळ गेली. काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत व्रणाची रेघ होती, आजूबाजूची कातडी ताणून गुळगुळीत झालेली.

"हात लावू?"

"लाव."

कातडी ऊबदार होती. वृंदाला रडू फुटलं. "आई, मी तेव्हा..."

"लहान होतीस," आई म्हणाली. "पण मला फार लागलं होतं गं."

दुसरं चित्र पूर्ण झालं. आईने ते बराच वेळ न्याहाळलं. "खांदे बरे आहेत की माझे!"

वर्षअखेरीच्या प्रदर्शनात ते लावायला तिनेच होकार दिला, खाली आपलं नाव लिहायलाही सांगितलं. दिगंबरराव आले नाहीत. कालिंदीबाई मात्र ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आल्या आणि चित्राच्या शेजारीच उभ्या राहिल्या.

प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर वृंदाच्या धिटाईचं कौतुक केलं. ते ऐकताना तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तिने आईकडे पाहिलं.

शेवटी आईच मोडक्यातोडक्या बंगालीत प्राध्यापकांना म्हणाली, "बसले तर मी होते."