आवाजावर जाऊ नका

मी एक सूचना बोलतेय. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका तुम्ही न वाचताच कपाटात टाकता ना, तिच्यातल्या चौकटीत मी असते. पण माझं घर पुस्तिकेत नाही. ते नागपुरातल्या एका कंपनीच्या संगणकात आहे. संत्री धुऊन, पुसून त्यांना मेण लावणारी यंत्रं ही कंपनी बनवते.

मला नंदिनीने लिहिलं. हुडकेश्वरहून स्कुटीवर येणारी, मोजकं बोलणारी मुलगी. मला लिहिण्याआधी ती काटोलला जाऊन यंत्रापाशी दिवसभर उभी राहिली. बटण बंद केल्यावरही झाकणाखालची साखळी थोडा वेळ फिरत राहते आणि ती थांबली की मोटरची घरघरही थांबते, हे तिने पाहिलं. परत येऊन तिने लिहिलं : ‘बटण बंद करा. घरघर थांबू द्या. मगच झाकण उघडा.’

मग तिने मला एक्सएमएल नावाच्या, मजकुराचे तुकडे नाव देऊन साठवायच्या संगणकी पद्धतीत बसवलं. टोकदार कंसांत माझं नाव घातलं आणि मला माझी स्वतःची फाइल दिली. ज्या पुस्तिकेला माझी गरज असेल, तिने मला नावाने हाक मारायची आणि मी तिथे हजर व्हायचं. मला एका जागी दुरुस्त केलं की सगळ्या पुस्तिका आपोआप दुरुस्त. मी एकटी, पण घरं कितीतरी. मला त्याचा अभिमान होता.

पुढे सौरव नावाचे साहेब नंदिनीच्या विभागाचे प्रमुख झाले. त्यांना सगळं कालच झालेलं हवं असायचं.

“सूचनेले नावानं बोलावत काय बसली? कॉपी मार अन् चिपकव. आज पुस्तक छापाले गेलं पाहिजे.”

“सर, उद्या मोटर बदलली तर कुठं-कुठं बदलवत बसाल?”

“तेव्हाचं तेव्हा पाहू.”

अशा माझ्या नकला झाल्या. प्रत्येक पुस्तिकेत एक. दिसायला हुबेहूब माझ्यासारख्या, पण माझ्याशी नातं तुटलेल्या.

मग खरंच मोटर बदलली. नवी मोटर कमी आवाजाची होती. तिची घरघर लगेच थांबायची, साखळी मात्र फिरतच राहायची. नंदिनीने त्याच दिवशी मला बदललं : ‘बटण बंद करा. आवाजावर जाऊ नका. साखळी थांबलेली झाकणाच्या काचेतून पाहा, मगच झाकण उघडा.’ नकलाही बदलायला हव्यात, असं तिने साहेबांना दोनदा सांगितलं. “पुढच्या आवृत्तीत,” ते म्हणाले. पुढच्या आवृत्तीआधीच नंदिनीला कामावरून कमी केलं.

काटोलच्या एका संत्र्यांच्या शेडमध्ये नवं यंत्र गेलं. पुस्तिकेत माझी जुनी नक्कल होती. पुढचं मी ऐकलं ते पायलच्या तोंडून. त्या शेडमध्ये काम करणारी ही तरुणी पुस्तिका घेऊन थेट सौरवसाहेबांच्या टेबलाशी आली.

“संत्रं अटकलं होतं. यंत्रावरच्या आमच्या सिंधूताईनं बटण बंद केलं अन् मले म्हणाल्या, ‘वाच वं पायल, काय लिहून आहे?’ म्या वाचलं, घरघर थांबू द्या. आम्ही थांबलो. आवाज बंद झाला, मंग ताईनं झाकण उघडलं. दोन बोटं गेली, साहेब. उजव्या हाताची.”

साहेबांनी पुस्तिकेकडे पाहिलंसुद्धा नाही. संगणकात शोधून त्यांनी मला उघडलं. कितीतरी महिन्यांनी कुणी माझं नाव घेतलं होतं. त्यांनी मला कागदावर छापलं आणि पायलसमोर सरकवलं.

“हे पहा. आमची सूचना बरोबर आहे. तुम्ही लोकं वाचतच नाही.”

पायलने मला सावकाश, अक्षर न् अक्षर वाचलं.

“मंग हे आमच्या पुस्तकात काहून नाही?”

साहेबांना फोन आला. पायल आपली पुस्तिका उचलून निघून गेली.

कंपनीच्या चौकशीच्या अहवालाला मला जोडलं गेलं. खाली शेरा होता : ‘कामगाराने सूचना पाळली नाही.’ सिंधूताईंनी तर सूचनेचा शब्द न् शब्द पाळला होता! मला ओरडावंसं वाटलं. पण कुणी बोलावल्याशिवाय मला कुठे जाता येत नाही, बोलता येत नाही.

आज सकाळी आणखी एका यंत्राची पुस्तिका छापायला गेली. जुन्या पुस्तिकेतलं पान उचलून तिच्यात चिकटवलंय. मी इथेच आहे, माझ्या फाइलीत, अगदी बरोबर.

पुस्तिका लिहिणाऱ्यांनो, माझ्या नकला काढू नका. मला नावाने हाक मारा. हाक मारायलाही चिकटवण्याइतकाच वेळ लागतो.