गालातला बदाम

अक्सेल थोरुप रस्त्याच्या कडेला उजवा हात वर करून उभे होते. समोर थांबण्याजोगं काही येत नव्हतं. पाच नंबरची बस नुकतीच पुढे निघून गेली होती. तिचा थांबा चौकाच्या पलीकडे होता. इथे होतं ते जोडे दुरुस्त करणाऱ्याचं बंद दुकान आणि त्याच्या काचेवर चिकटवलेला कापसाचा बर्फ.

"अक्सेल, थांबा पुढे आहे," मी म्हणाले.

त्यांनी हात खाली घेतला, त्याच हाताने टोपी सारखी केली. "ट्रामचा इथेच होता. मी काय उगाच थांबतोय होय?"

ते १९८४ साल. नाताळच्या आधीच्या चार रविवारांपैकी तो पहिला. घरातून निघण्यापूर्वी टेबलावरच्या हिरव्या फांद्यांच्या कड्यातली, चारांपैकी पहिली मेणबत्ती आम्ही पेटवली होती. ती विझवायचं मात्र माझ्याच लक्षात आलं.

मी बोर्नहोल्म बेटावरची. कोपनहेगनला जनावरांची डॉक्टर व्हायला आले होते आणि अक्सेल यांच्या नोरेब्रो भागातल्या घरात मागची खोली घेऊन राहत होते. पहिल्या दिवशी मी त्यांना थोरुपसाहेब म्हणाले, तर त्यांनी हात झटकला. साहेब डेपोत बसायचे, मी नुसता अक्सेल, म्हणाले. मला ते मारेन या नावाने क्वचितच हाक मारत. मी कधी 'बेटावरची मासळी' असे, कधी 'डुकरांची डॉक्टर'.

त्यांनी उमेदीची वर्षं ट्राम चालवण्यात घालवली होती. बहात्तर साली ट्राम बंद झाली, तेव्हा चांगल्या गाड्या जहाजात घालून इजिप्तला, अलेक्झांड्रियाला विकल्या गेल्या. अक्सेल बसवर गेले आणि तिथूनच निवृत्त झाले. "माझी गाडी तिकडे ऊन खातेय," ते म्हणत, "आणि मी इथे लोकरीचे मोजे घालून बसलोय."

रविवारी शहर बघायला निघायचं, ही त्यांच्या बायकोची, एल्नाची पद्धत. तिचं म्हणणं असं की, या माणसाने जन्मभर लोकांना शहरातून फिरवलं आणि स्वतः पाहिले ते फक्त रूळ. म्हणून दर नाताळात चार रविवार ती त्यांना पाहुण्यासारखं हिंडवायची. ती जाऊन दोन वर्षं झाली होती. त्या वर्षी त्यांनी मला बरोबर घेतलं.

दुसऱ्या रविवारी आम्ही गोल मनोऱ्यावर गेलो. तिथे पायऱ्या नाहीत, आत गोल गोल चढत जाणारी फरसबंद वाट आहे. अक्सेल दर वळणावर भिंतीला टेकून 'तुझ्यासाठी थांबतोय' असं सांगत होते. वर वारा इतका की बोललेलं ऐकू येईना. तांबड्या कौलांवरून बोट फिरवत कुठल्या कोपऱ्यावर चाक कसं किंचाळायचं, ते त्यांनी मला आवाज काढून दाखवलं. शेजारी उभ्या असलेल्या स्वीडिश जोडप्याने दोन पावलं मागे घेतली.

तिसऱ्या रविवारी राजवाड्यासमोर पहारा बदलताना पाहिला, मोठ्या दुकानाच्या खिडकीत लाल टोपीचे यांत्रिक बुटके पाहिले, बंदराकाठी गरम मसाल्याची वाइन प्यालो. तिवोली या पाळण्यांच्या बागेला तेव्हा हिवाळ्यात कुलूप असे. अक्सेल फाटकाच्या गजांतून आतले बंद पाळणे बघत बराच वेळ उभे राहिले. मग नगरभवनाच्या चौकात आल्यावर ते एकदम म्हणाले, "आता तू पुढे हो. बघू बेटावरच्या मासळीला घरचा रस्ता सापडतो का."

मी पुढे झाले. अर्धं अंतर चालून गेल्यावर माझ्या ध्यानात आलं, की ते माझी परीक्षा घेत नव्हते. ते नुसते माझ्या मागून येत होते.

त्यांची मुलगी योना दूर ओडेन्स शहरात असायची. नोव्हेंबरात अक्सेल शेगडीवर दूध ठेवून झोपले होते आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन दार ठोठावलं होतं. तेव्हापासून योना मला फोन करायची. आडपडदा न ठेवता बोलणारी बाई. तिच्या घराजवळच्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती. नाताळला येऊन ती बाबांचं कसं चाललंय ते बघणार होती. सगळं नीट दिसलं तर बाबा इथेच राहतील, नाहीतर जानेवारीत ती त्यांना घेऊन जाणार.

हे अक्सेल यांनाही माहीत होतं. तेविसाव्या तारखेला, चौथ्या रविवारी, ते पांढऱ्या टेबलक्लॉथला इस्त्री करत होते आणि मी घरी जायची बॅग भरत होते.

"तुझी परीक्षा जानेवारीत," ते म्हणाले. "माझी उद्या."

फिरायला जाणं त्या दिवशी राहूनच गेलं. मी बोट धरायला गेले, पण वादळामुळे बोर्नहोल्मची बोट सुटलीच नाही. बॅग घेऊन परत आले, तेव्हा अक्सेल यांनी काही न विचारता कपाटातून चौथी ताटली काढली.

चोवीसला त्यांनी मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. बदक, साखरेत परतलेले बटाटे, तांबडा कोबी, सगळं एकट्याने केलं. संध्याकाळी योना आणि तिचा नवरा फ्लेमिंग आले. योनाने कोट काढता काढता शेगडी, खिडक्या, बाबांच्या शर्टाची बटणं बघून घेतली. बदकाचा पहिला घास खाल्ल्यावर तिचे खांदे खाली आले. फ्लेमिंगने तिसऱ्यांदा वाढून घेतलं आणि सासऱ्यांना म्हणाला, "ओडेन्सला असं कोण करून घालणार?" योनाने त्याच्याकडे पाहिलं, पण ती हसत होती.

मग भात आला. दुधात शिजवून, थंड करून, साय घुसळून केलेला, वर गरम चेरीचा रस. त्यात एकच अख्खा बदाम असतो. ज्याला मिळेल त्याने तो गालात लपवायचा आणि गप्प खात राहायचं, म्हणजे बाकीचे शोधण्याच्या नादात पोट फुटेस्तोवर खातात. भांडं रिकामं झालं की बदाम दाखवायचा आणि बक्षीस घ्यायचं.

आम्ही खात होतो. फ्लेमिंग प्रत्येकाच्या गालाकडे संशयाने बघत होता. बेटावरची माणसं आतल्या गाठीची, असं म्हणून त्याने मला तोंड उघडायला लावलं. योनाने बाबांवर आळ घेतला. पुन्हा वाढून झालं. भांड्याचा तळ दिसू लागला. कुणीच काही कबूल करेना.

अक्सेल यांनी चमचा खाली ठेवला. त्यांची बोटं टेबलक्लॉथच्या कडेवरून सावकाश फिरू लागली. त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि मान खाली घातली. योनाच्या चेहऱ्यावरचं हसू अजून होतं, पण तिचे डोळे आता बाबांवर होते.

रसाची किटली रिकामी होती. मी ती उचलली, रस गरम करून आणते म्हणाले आणि उठले.

शेगडीजवळ एल्नाचा निळा कप होता. साल सुटावं म्हणून कढत पाण्यात टाकलेला बदाम त्यात तसाच पडला होता. पाणी कधीच थंड झालं होतं. मी चिमटीत दाबला, तो सालातून निसटून हातात आला. तोंडात टाकला, रस गरम केला, बाहेर येऊन भांड्यातला शेवटचा भात स्वतःला वाढून घेतला आणि सावकाश खाल्ला.

"आता तरी बोला कुणीतरी," फ्लेमिंग पट्टा सैल करत म्हणाला.

मी बदाम तळहातावर काढला. फ्लेमिंगने कपाळाला हात लावला. अक्सेल माझ्या हाताकडे बघत राहिले, मग उठले, कपाटातून बक्षिसाचं, मार्झिपानचं म्हणजे बदाम-साखरेच्या मिठाईचं गुलाबी डुक्कर काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं.

"डुकरांच्या डॉक्टरला डुक्कर," ते म्हणाले. आवाज नेहमीचा होता. डुक्कर मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून आणलं होतं.

नंतर झाडावरच्या मेणबत्त्या पेटवल्या, हात धरून झाडाभोवती फेर धरला. गाण्यांची सगळी कडवी फक्त अक्सेल यांना येत होती.

भांडी योना घासत होती, मी पुसत होते. बाहेर फ्लेमिंग अक्सेल यांना इजिप्तला गेलेल्या गाड्यांबद्दल विचारत होता. योनाने निळा कप उचलला. पाण्यावर बदामाचं तपकिरी साल तरंगत होतं. ती ते बघत उभी राहिली. नळ वाहत होता.

"आई बदाम सकाळीच सोलून ठेवायची," ती म्हणाली.

मी हातातली ताटली पुसत राहिले.

"आतून येताना गालात घेऊन आलीस?"

"हो."

तिने पाणी ओतून टाकलं, कप दोनदा घासला आणि आकड्याला अडकवला.

"तू इथे कधीपर्यंत आहेस?"

"जूनपर्यंत."

"मग जूनमध्ये बघू," योना म्हणाली. "शेगडीवर लक्ष ठेव."

जूनमध्ये अक्सेल ओडेन्सला गेले. त्यांच्या दोन पेट्या आणि एल्नाचा तो निळा कप मीच बांधून दिला. पण त्या घराची आठवण निघाली की मला जून आठवत नाही. आठवतो तो नाताळनंतरचा बुधवार. योना आणि फ्लेमिंग सकाळी गेले होते. अक्सेल कोट घालून माझ्या खोलीच्या दारात आले.

"चौथा रविवार राहिलाय आपला," ते म्हणाले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानं बंद, उन्हाला नुसता रंग, ऊब नाही. जोडेवाल्याच्या दुकानापाशी ते थांबले आणि त्यांनी उजवा हात वर केला. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि आम्ही दोघं रस्त्याच्या त्या टोकाकडे बघत थांबलो.

बऱ्याच वेळाने त्यांनी स्वतःच हात खाली घेतला.

"सणाचे दिवस," ते म्हणाले. "गाड्या कमी सोडतात. चल, चालत जाऊ."

त्यांनी कोपर पुढे केलं, मी हात अडकवला, आणि डांबराखाली पूर्वी जिथे रूळ होते, त्या रेषेने आम्ही शहराकडे निघालो.